आखाजी ते कानबाई: सूडाच्या कथेची बांधणी

पाचोऱ्याकडच्या एका तरुण मित्राने आपल्या पहिल्या चित्रपटाची कथा मला वाचायला दिली आहे. गिरणेच्या पात्रातल्या वाळूउपशाविरुद्ध तक्रार करणाऱ्या धाकट्या भावाला रात्री डंपरखाली चिरडतात. पोलीस विकले जातात. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला थोरला भाऊ पाच नावांची यादी करतो आणि एकेकाला संपवतो. मित्राचे प्रश्न तीन आहेत. मध्यंतरानंतर कथा का ढेपाळते? भूतकाळ कुठे दाखवावा? आणि शेवटी नायक मरावा की सुटावा?

भाऊ, कथा दोनदा वाचली. तुझ्याकडे राग खरा आहे, नदी खरी आहे, माणसं ओळखीची आहेत. अडचण मध्यंतरानंतर सुरू होते असं तुला वाटतं, पण ती त्याआधीच, यादीपाशी, सुरू झालेली आहे. नायकाने पाच नावं लिहून कागद खिशात घातला की प्रेक्षकाला पुढचा सव्वा तास दिसतो. मग तो फक्त मोजत बसतो. वीसेक वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या एका सूडपटात सात खलनायक होते. जळगावात शेवटच्या खेळाला मी मागे बसून बघत होतो. चौथा माणूस पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईने शेजारणीला हळूच विचारलं, "आते कितला ऱ्हायनात वं?" म्हणजे, आता किती राहिले गं? तिला गावाकडची शेवटची एस.टी. गाठायची होती. त्या रात्री घरी येऊन मी संहिता पुन्हा काढली, तेव्हा दिसलं की चौथ्या खुनाचा प्रसंग काढून दुसऱ्याच्या जागी ठेवला तरी काहीच बिघडत नव्हतं. ज्या प्रसंगाची जागा बदलून चालते, तो कथानकाचा भाग झालेलाच नसतो. तुझ्या पाच खुनांवर ही परीक्षा करून बघ. तिसरा आणि चौथा सहज अदलाबदल होतात.

म्हणून पाचाचे तीन कर. एक, ज्याने हाताने केलं, म्हणजे ड्रायव्हर. दुसरा, ज्याने निरोप पोचवला आणि पैसे दिले, म्हणजे ठेकेदाराचा मुनीम. तिसरा, ज्याच्या शब्दावर हे झालं, तो ठेकेदार. यातला प्रत्येक जण वेगळ्या कारणासाठी दोषी आहे, म्हणून प्रत्येकाला गाठताना नायकाला वेगळा प्रश्न पडेल. आणि हे ध्यानात घे की सूड नेहमी आधी सगळ्यात दुबळ्या माणसावर उतरतो. ठेकेदाराच्या वाड्याला फाटक आहे, माणसं आहेत. ड्रायव्हर पत्र्याच्या खोलीत राहतो. तुझ्या कथेत ड्रायव्हर दारुडा, हसणारा राक्षस आहे, कारण तुला त्याला मारणं सोपं करायचं होतं. ते सोपं करू नकोस. तो प्रसंग प्रेक्षकाच्या घशात अडकला, तरच पुढचा चित्रपट उभा राहील.

आता ज्या जागी तू सगळ्यात कमी लिहिलं आहेस, तिथे मी सगळ्यात जास्त बोलणार आहे. "पोलीस विकले गेले" हे तू एका वाक्यात उरकलंस आणि टेबलावर पाय ठेवून हसणारा एक इन्स्पेक्टर दाखवलास. न्याय हातात घेणाऱ्या माणसाच्या चित्रपटात कायदा कसा हरतो हाच पहिला अंक असतो, आणि तो एका फटक्यात हरत नाही. तो कागदावर, तारखेवर, एका सहीवर हरतो. प्रत्येक पायरीवर प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की इथे तरी होईल. तसं वाटल्याशिवाय नायकाने शस्त्र उचललं, तर तो नुसता तापट माणूस ठरतो.

एक खरी तरतूद सांगतो, तिच्यावर तुझा पूर्वार्ध तोलता येईल. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपीला न्यायालयासमोर उभं करून पहिली कोठडी मिळाली, की तिथून ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल करावं लागतं. नाही केलं, तर आरोपीने अर्ज करून जामीन दिला की त्याची सुटका होते. गुन्हा कितीही गंभीर असो, तो त्याचा हक्क असतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे कोणाला लाच घेताना दाखवायची गरजच नाही. तपासी अधिकाऱ्याची बदली झाली, नव्याला कागद समजायला महिना गेला, प्रयोगशाळेचा अहवाल अडकला, एका पंचाने सही आपली नाही म्हटलं. एकेक गोष्ट अगदी साधी आहे. ९१व्या दिवशी अर्ज होतो आणि ठेकेदार बाहेर येतो.

आता हे आपल्या पंचांगावर ठेवून बघ. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमी. मध्ये तीन महिने दोन तिथी, म्हणजे जवळपास बरोबर ९० दिवस, त्या वर्षी मध्ये अधिक महिना आला नाही तर. आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपल्या खानदेशातला देवीचा सण. धाकट्याचा खून आखाजीच्या रात्री झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अटक झाली, तर आरोपी कानबाईच्या तोंडावर सुटतो. पडद्यावर "तीन महिन्यांनंतर" अशी पाटी टाकावी लागत नाही. आपल्या माणसाला आखाजीचा झोका दिसला की महिना कळतो, आणि डोक्यावर कानबाई दिसली की किती दिवस गेले तेही कळतं.

आखाजीची रात्र आणखी एका कारणाने घे. त्या रात्री आपल्याकडे गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. मुनीम म्हणतो, मी डावावर होतो. चाळीस माणसं डावावर होती, त्यामुळे तो मध्ये दोन तास उठून गेला होता हे चाळीस जणांना माहीत आहे. पण ते सांगायचं तर स्वतः पैसे लावून खेळत होतो हेही जबाबात द्यावं लागतं. कोणीच बोलत नाही. गाव घाबरट नाही, गाव विकलेलंही नाही. प्रत्येकाला आपली एक छोटी गोष्ट झाकायची आहे. असा नकार प्रेक्षकाला जास्त लागतो, कारण त्या चाळिसांत तो स्वतःला ओळखतो.

त्या दिवशी बहीण माहेरी आलेली असते. तुझ्या कथेत बहीण फक्त रडते. तिला फिर्यादी कर. थोरला सैन्यातून येईपर्यंत पोलीस ठाण्याच्या चकरा तिने मारल्या आहेत, सासर सोडून तीन महिने माहेरी राहिली आहे, प्रत्येक कागदाची झेरॉक्स तिच्या पिशवीत आहे. तिला खटला हवा आहे. थोरल्याला माणूस हवा आहे. दोघांचं दुःख एकच, रस्ते वेगळे. नायकाला अडवणारं माणूस त्याच्याच घरात, त्याच्याच ताटावर जेवणारं असलं, की प्रत्येक प्रसंगात दोन टोकं आपोआप तयार होतात. खलनायक पडद्यावर नसतानाही ताण टिकतो.

आता तुझा मध्यंतर. मी लिहिला असता तर असा लिहिला असता.

सोमवार, कानबाईचं विसर्जन. बाया कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या आहेत, पुढे बँड. वैशाखात ज्या कोरड्या पात्रातून डंपर फिरत होते तिथे आता गढूळ पाणी आहे. जागा तीच ठेव, कॅमेरा शक्यतो त्याच ठिकाणी ठेव. ड्रायव्हर गर्दीतून बाजूला होऊन बाभळीखाली उभा आहे. थोरला जवळ येतो. ड्रायव्हर पळत नाही. त्याला वाटतं हा बोलायला आला आहे. तो म्हणतो, "दादा, मी..." आणि पुढचं बँडच्या आवाजात बुडतं. आपल्याला फक्त ओठ दिसतात. थोरला ऐकायला थांबत नाही. सैन्यातल्या शिक्षणाने हात चालतो, पण पाय चिखलात रुततात, पकड सुटते, दोघं पाण्यात पडतात. हे लवकर संपत नाही. मग बँड पुढे जातो आणि अचानक शांत होतं. मध्यंतर.

मध्यंतरानंतरचा पहिला प्रसंग घरातला. बहीण आनंदाने सांगते आहे की ड्रायव्हर माफीचा साक्षीदार व्हायला तयार झाला आहे, बुधवारी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब होणार आहे, मुनीम आणि ठेकेदार दोघांची नावं तो घेणार आहे. ती बोलत असताना थोरला अंगणातल्या हापशावर पाय धुतो आहे. तेव्हा प्रेक्षकाला ते ओठ आठवतात. "दादा, मी समदं सांगसू."

तुझ्या कथेला हवा तो कणा मला इथे दिसतो. सुरुवातीला कायद्याची दारं इतरांनी बंद केली. शेवटचं दार, जे खरोखर उघडणार होतं, ते नायकाने स्वतःच्या हाताने बंद केलं. यानंतर तो मुनीमाच्या मागे जातो ते राग म्हणून नाही, आता दुसरा रस्ताच त्याने ठेवलेला नाही म्हणून. उत्तरार्ध ढेपाळत नाही, कारण प्रश्न बदलला. "पुढचा कोण" हे विचारायचं सोडून प्रेक्षक विचारतो, "हा बहिणीला कधी सांगणार?" हे सांगणं जितकं लांबवशील तितका उत्तरार्ध धरून राहील. मी ते मुनीमाच्या प्रसंगानंतर आणलं असतं, आणि बहिणीला ते कोणीही न सांगता कळलं असतं.

कसं कळेल, त्यासाठी एक वस्तू देतो. केळीचा चीक. घड कापताना अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, शर्टावर दिसतही नाही. वाळला की काळपट तपकिरी होतो आणि मग काही केल्या निघत नाही. रावेर-यावल-चोपड्याकडच्या प्रत्येक घरात कामाचे कपडे वेगळे असतात ते यासाठी. पूर्वार्धात आईच्या तोंडी एक साधं वाक्य टाक: बाबा, बागेत चांगला शर्ट घालून जाऊ नको. मुनीम पळून पाहुण्यांच्या केळीबागेत लपतो, थोरला कटाईच्या टोळीत मजूर म्हणून शिरतो. झटापट होते, खोडं तुटतात. तो रक्त धुतो, शर्ट दोरीवर वाळत घालतो, पांढरास्वच्छ. सकाळी तोच शर्ट दोरीवर डागांनी भरलेला आहे. रक्त गेलं, चीक उमटला. बहीण दोरीसमोर उभी आहे. गिरणाकाठच्या तुझ्या त्या गावात कपाशी दाखवलेली आहेस, केळी नाही, म्हणजे हा डाग गावाबाहेरचा हे तिला कळतं. संवाद नको.

तोच डाग तपासावरच्या महिला उपनिरीक्षकालाही दिसू शकतो. ती केळीवाल्यांच्या घरातली असली की तिला तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. तुझ्या कथेत सगळे पोलीस वाईट आहेत. एक तरी प्रामाणिक आणि हुशार अधिकारी ठेव, आणि ती नायकाच्या मागे असू दे. प्रामाणिक माणसापासून पळणाऱ्या नायकाची लाज वेगळी असते, आणि प्रेक्षकालाही दोन्ही बाजूंनी धाक वाटतो: तो पकडला जाईल याचा, आणि पकडला जाणार नाही याचाही.

केळीबागेतल्या मारामारीबद्दल थोडं, कारण तू तिथे हवेत उडणारी माणसं लिहिली आहेस. आधी बागेत जाऊन उभा राहा. दोन खोडांत साधारण पाच फूट अंतर असतं, वर पानं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे भर दुपारी उजेड हिरवा आणि कमी. पंधरा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही, पण वाळलेल्या पानांवर पडलेलं त्याचं पाऊल ऐकू येतं. ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो. खोड कोयत्याच्या एका जोरकस वारात आडवं होतं, त्यामागे लपून उपयोग नाही. घडाच्या वजनाने झुकलेली झाडं बांबूच्या टेकूवर उभी असतात. टेकू काढला की झाड अंगावर येतं. एवढ्या गोष्टींतून चार मिनिटांची झटापट आपोआप सुचते, आणि ती दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात उचलून टाकता येत नाही. चाकू, बंदूक, लाथ यांतलं काय वापरायचं हे नंतर ठरव. आधी दोघांना एकमेकांपासून काय हवं आहे ते ठरव. मुनीमाला पळायचं आहे, थोरल्याला त्याच्या तोंडून ठेकेदाराचं नाव हवं आहे. थोरल्याला तो मेलेला नको, बोलता हवा, म्हणून प्रत्येक वार हातचा राखून. यातून मारामारीला कथा मिळते.

आता एक फरक. सूड घेणारा माणूस आणि गावासाठी न्याय हातात घेणारा माणूस, हे दोन वेगळे नायक आहेत, आणि तुझ्या कथेत ते मिसळले आहेत. १९७४ च्या 'डेथ विश' या अमेरिकन चित्रपटात नायकाच्या घरावर हल्ला करणारे गुंड त्याला शेवटपर्यंत सापडतच नाहीत. तो रात्री रस्त्यावर भेटणाऱ्या दुसऱ्याच लुटारूंना मारत राहतो. सूडाचं माणूस आणि शिक्षेचं माणूस वेगळं झालं, की कथा घरातून निघून रस्त्यावर येते. तुझ्या नायकाने ही रेघ कुठे ओलांडली ते एका प्रसंगात दाखवावं लागेल. मला सुचतो तो असा: मुनीमानंतर एका संध्याकाळी गल्लीतला एक म्हातारा अंगणात येऊन बसतो. पाणी पितो, इकडचं तिकडचं बोलतो, मग म्हणतो, जिभाऊ, माझ्या बांधाचं पण एक प्रकरण आहे. आणि एक नाव घेतो. चौथं नाव. नायकाने न लिहिलेलं. थोरला त्याच्याकडे नुसता बघतो. गावाला आता त्याची भीतीही वाटते आणि त्याचा उपयोगही. तो त्या नावामागे जातो की नाही, यावर तुझा तिसरा अंक कुठल्या प्रकारचा होणार ते ठरतं. मी त्याला जाऊ दिलं नसतं, पण आतून एक क्षण तो तयार झाला हे दाखवलं असतं.

ठेकेदारालाही काम दे. तुझा ठेकेदार सव्वा तास आपली पाळी येण्याची वाट बघत बसतो. ड्रायव्हर मेला, म्हणजे आपल्याविरुद्धचा साक्षीदार मेला, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. थोरल्याने त्याचं काम केलं आहे. तो ड्रायव्हरच्या बायकोला किराणा पाठवतो, पोराची फी भरतो, आणि थोरल्याला निरोप धाडतो: उपकार झाले. नायकाला खलनायकाकडून आभार मिळणं यासारखी शिक्षा मला दुसरी माहीत नाही.

भूतकाळाचा प्रश्न लवकर उरकतो. फ्लॅशबॅक ठेवू नकोस. धाकट्याला पहिल्या वीस मिनिटांत जिवंत दाखव, तेही भाषण देताना नको. त्याला शेवभाजीत लिंबू पिळून घ्यायची सवय आहे, थोरल्याच्या ताटातलं लिंबूही तोच उचलतो, इतकं पुरे. नंतर कधीतरी थोरला एकटा जेवायला बसेल आणि लिंबाची फोड ताटाच्या कडेला तशीच राहील.

शेवटाबद्दल. 'शोले' १९७५ च्या स्वातंत्र्यदिनी, आणीबाणीत प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपानंतर तो बदलून ऐन वेळी पोलीस आले आणि गब्बर जिवंत त्यांच्या हाती गेला. आजही प्रमाणपत्र देताना हिंसेचं उदात्तीकरण होत नाही ना, हे पाहिलं जातं. पण तू शेवट सेन्सॉरसाठी ठरवू नकोस, कथेने काय मागितलं त्यावर ठरव. कायद्यात 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' या अवस्थेतल्या कृत्याला खुनापेक्षा वेगळं मानलं जातं. तुझा नायक ९० दिवस थांबला. ती पळवाट त्याला नाही, आणि हे त्याला बहिणीच्याच वकिलाने सांगावं. म्हणून तो मरूही नये, सुटूही नये. ठेकेदार त्याच्या हातात आलेला असताना त्याने उपनिरीक्षकासमोर ड्रायव्हरच्या खुनाचा कबुलीजबाब द्यायला तयार व्हावं, कारण ड्रायव्हर काय सांगणार होता हे मुनीमाकडून ऐकलेला एकटा तोच उरला आहे. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे तो जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. त्याच खोलीत, जिथे बुधवारी ड्रायव्हर येणार होता. एकट्या त्याच्या शब्दावर ठेकेदाराला शिक्षा होईल असं मात्र दाखवू नकोस. तपास पुन्हा उघडतो, एवढंच. मग पत्त्यांच्या डावावरच्या चाळिसांपैकी एक जण ठाण्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला तर चालेल.

आणि शेवटचं चित्र घरातलं. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आपल्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. चित्रपट त्याच मोजणीने सुरू कर: आई वडिलांची मूठ घेते, थोरल्याची, धाकट्याची, पोरं मागे खिदळत आहेत. खुनाच्या वर्षी घरात रोट नाहीत, डबा बंद. शेवटी त्याच्या पुढचा श्रावण. वडिलांची मूठ. मग थोरल्याची, जो जिल्हा कारागृहात आहे. ती न थांबता घेते. मग सवयीने हात पुन्हा डब्यात जातो, मूठ भरते, आणि तिथेच थांबते. गहू परत डब्यात पडल्याचा आवाज. त्यावर संगीत घालू देऊ नकोस, निर्माता कितीही म्हणाला तरी.

दुसरा खर्डा लिहायच्या आधी एकच प्रसंग लिहून पाठव, ड्रायव्हरच्या घरचा. त्याची बायको त्या सोमवारी मिरवणुकीत नाचत होती की नदीकाठी त्याला शोधत होती, हे मला तुझ्या कथेत कुठे सापडलं नाही.